भजी, गॅस आणि मी टाईप केलेला प्रश्न

रात्री पावणेदोनला आईने उठवलं, बाबांना अस्वस्थ वाटतंय म्हणाली. जाऊन बघतो तर बाबा पलंगावर बसलेले, एका हाताने जबडा चोळतायत आणि म्हणतायत काही नाही रे, संध्याकाळची भजी नडली, गॅस झालाय. एवढ्या रात्री डॉक्टरांना कशाला उठवायचं म्हणून मी मोबाईल काढला आणि चॅटबॉटला विचारलं, बाबांना ॲसिडिटी झालीय काय देऊ. त्याने बिचाऱ्याने ॲसिडिटीचंच उत्तर दिलं, थंड दूध, अँटासिड, उशी उंच करा. खाली एक ओळ होती छातीत दुखत असेल तर वगैरे, पण बाबांच्या छातीत दुखत नव्हतंच, ती मी सोडून दिली.

मग आई म्हणाली अरे बनियन बघ, ओलं झालंय. पंखा फुल्ल चालू होता! तेव्हा परत टाईप केलं, या वेळी गॅस, ॲसिडिटी काही न लिहिता जे दिसतंय तेवढंच: वय ६७, १५ वर्षं शुगर, गार घाम, जबडा दुखतोय, जीव घाबरा होतोय. उत्तर पहिल्याच ओळीत, हा हार्ट अटॅक असू शकतो, आत्ता १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत नेऊ नका. ईसीजीत तेच निघालं, पहाटे ॲन्जिओप्लास्टी झाली. शुगरवाल्यांना छातीत कळ येईलच असं नसतं हे मला तिथे कळलं.

नंतर ऑक्सफर्डवाल्यांचा २०२५ चा अभ्यास वाचला, ब्रिटनमधल्या १२९८ लोकांना लिहून दिलेल्या केसेस देऊन केलेला. पूर्ण केस थेट एआयला दिली तर जवळपास ९५ टक्के वेळा आजार बरोबर ओळखला, पण तेच एआय लोकांच्या हातात दिलं तर आकडा ३५ च्याही खाली. आणि दवाखान्यात कधी जायचं हे ठरवण्यात एआय वापरणारे लोक एआय न दिलेल्या बाकीच्यांपेक्षा सरस ठरलेच नाहीत. मला अजिबात नवल वाटलं नाही, कारण मी काय केलं होतं? निदान आधीच करून टाकलं होतं आणि फक्त औषध विचारत होतो, केमिस्टच्या काउंटरवर उभं राहून विचारतो ना तसंच.

आता घरी कोणी पित्त झालंय म्हणालं की मी आजाराचं नाव नको सांगू, काय होतंय ते सांग म्हणतो आणि सगळे वैतागतात. आईने भजी बंद केलीयत, आणि बाबा रोज भांडतात की गॅस नव्हताच ना, मग भज्यांचा काय दोष.