चिंगीचा फुगलेला कान

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आजी म्हणाली, "ही सारखी कान झाडून राहिली गं, पाहा न जरा." मी पाहिलं नाही. पावसात भिजून आली की आमची कुत्री चिंगी कान झाडतेच, असं मी धरून चालले होते. त्याची रुखरुख अजून जात नाही.

चार दिवसांनी सकाळी पाहते तर डावा कान पुरीसारखा टम्म फुगलेला. चिंगी लॅब्राडोर, कान लोंबते. त्या ओझ्यानं तिचं डोकंच एका बाजूला कललं होतं. हात लावला तर कान गरम, आणि बोटानं हलकेच दाबलं की आतलं पाणी इकडून तिकडे सरकायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गळू हाय, हळद लाव अन् पिकलं की सुईनं फोड." हळद लावलीही. सुई लावायचा धीर झाला नाही, तेच बरं झालं. घरी टोचलं असतं तर आत जंतू गेले असते आणि खरंच पू झाला असता.

प्रतापनगरच्या आमच्या डॉक्टरांनी कान उलटून पाहिला आणि म्हणाले, हे गळू नाही, हेमॅटोमा आहे, म्हणजे आत साचलेलं रक्त. कानाच्या पाळीत मधे कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड असते, तिच्यावर दोन्हीकडून कातडी. डोकं जोरजोरात झटकलं, पंज्यानं खाजवलं की आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथंच साचतं. मग त्यांनी कानात कापसाची काडी फिरवली. काडीवर तपकिरी मळ आला आणि त्याला आंबलेल्या पिठासारखा वास होता. काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा संसर्ग. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. त्यात लोंबत्या कानाचं झाकण, वर नागपूरचा ऑगस्ट. ओल वाळणार कशी? आजी जे पाहत होती ते हेच होतं.

पहिल्यांदा सुईनं लालसर पाणी काढलं. कान चपटा झालेला पाहून मला वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा भरला. असं पुष्कळदा होतं, कारण कातडी आणि कूर्चा यांतली पोकळी तशीच राहते. तसंच सोडून दिलं तर रक्त हळूहळू जिरतं, पण कान आकसून सुरकुततो आणि कायमचा वाकडा होतो. शेवटी शस्त्रक्रिया ठरली.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं, रक्त तपासलं, मग भूल दिली. कानाच्या आतल्या बाजूनं चीर देऊन साचलेल्या गाठी काढल्या आणि गादीला टाचतात तसे आरपार टाके जागोजागी घातले, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना चिकटून राहतील. चीर मुद्दाम पूर्ण शिवत नाहीत, उरलेलं पाणी त्यातून निघून जावं म्हणून. हे आधी सांगितलं होतं, तरी पहिल्या रात्री सतरंजीवर रक्ताचे डाग पाहून माझे हातपाय गळाले होते.

टाके तीन आठवडे होते. गळ्यात प्लास्टिकचा कॉलर. त्यामुळे वाटी जमिनीवर असली की तिला खाता येईना, म्हणून पाटावर वाटी ठेवून भरवत होते. कॉलर दाराला अडला की ती तिथंच उभी राहून माझ्याकडे पाहायची. दया येऊन एकदा दहा मिनिटं काढला तर तेवढ्यात तिनं एक टाका ओढला. पुन्हा काढला नाही. कानात थेंब मात्र रोज दोनदा, टाके निघाल्यावरही संसर्ग जाईपर्यंत. दुखण्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेलीच गोळी दिली. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला चुकूनही देऊ नका, जिवावर बेततं.

आता कडेला एक बारीक चुणी राहिली आहे, बाकी कान छान आहे. आंघोळीनंतर आजी जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं तिचे दोन्ही कान पुसते आणि मी वास घेऊन पाहते. रात्री फडफड ऐकू आली की दिवा लावून उठते.