घरच्या सफरचंदांसाठी दाबयंत्र : रूळ, थर आणि चौकट इथपर्यंतची प्रगती

सायडरसाठी, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या पेयासाठी, दाबयंत्र बांधायला घेतले की पहिला विचार बहुधा जोराचा होतो : जॅक किती टनांचा घ्यावा, स्क्रू किती जाड असावा, चौकट किती भक्कम करावी. माझ्या कामाचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे. सफरचंदाचा रस पेशींच्या आत असतो आणि अखंड किंवा नुसते चार फोडी केलेले फळ कितीही टनांखाली धरले तरी त्यातला बराचसा रस आतच राहतो. पेशी फोडण्याचे काम चुरणाऱ्या यंत्राचे आहे. दाबयंत्राने फक्त मोकळा झालेला रस चोथ्यातून बाहेर काढायचा असतो. म्हणून आधी चुरणारा रूळ, मग लगद्याचे थर आणि सर्वांत शेवटी जोर, असा क्रम धरून आतापर्यंत जे झाले ते येथे नोंदवत आहे.

दाबयंत्राचा प्रकार निवडताना तीन पर्याय समोर होते. उभ्या लाकडी पट्ट्यांची गोल टोपली आणि वरून फिरणारा स्क्रू हा सर्वांत परिचित प्रकार आहे. द्राक्षांसाठी तो उत्तम चालतो, परंतु सफरचंदाचा लगदा मऊ आणि चिकट असल्यामुळे दाब वाढताच टोपलीच्या कडेचा लगदा घट्ट बसतो, रसाच्या वाटा बंद होतात आणि मधला भाग ओलाच राहतो. 30 सेंमी व्यासाच्या टोपलीत मध्यभागातल्या रसाला कडेपर्यंत 15 सेंमी वाट काढावी लागते. दुसरा प्रकार पाण्याच्या दाबाने फुगणाऱ्या रबरी पिशवीचा. नळाच्या पाण्याचा दाब साधारण 2 ते 3 बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलोच असतो, तरीही हे यंत्र चांगला रस देते, कारण पिशवी आणि जाळी यांच्यामधला लगद्याचा थर पातळ असतो. जोरापेक्षा थराची जाडी महत्त्वाची आहे याचा याहून चांगला पुरावा मला सापडला नाही. मात्र हे यंत्र पूर्ण भरल्याशिवाय नीट चालवता येत नाही, आणि माझ्याकडची सफरचंदे एकदम पिकत नाहीत.

म्हणून तिसरा प्रकार निवडला : लगदा कापडात घडी घालून बांधायचा, त्यावर लाकडी जाफरी ठेवायची, पुन्हा कापड, पुन्हा लगदा, पुन्हा जाफरी. फळ कमी असेल तर तीन थर लावता येतात, जास्त असेल तर सहा. माझ्या मापात एक थर 35 सेंमी लांब, तितकाच रुंद आणि सुमारे 4 सेंमी उंच आहे. त्यात चार ते पाच किलो लगदा मावतो. रसाला वरच्या किंवा खालच्या कापडापर्यंत जास्तीत जास्त दोन सेंटिमीटर जावे लागते.

चुरण्यासाठी कठीण लाकडाचा, 12 सेंमी व्यासाचा आणि 20 सेंमी लांबीचा रूळ केला आहे. त्यात स्टेनलेस स्टीलचे स्क्रू तिरक्या ओळींत, डोकी तीन-साडेतीन मिलिमीटर वर राहतील असे बसवले. सरळ ओळीत बसवले असते तर एका वेळी सगळी ओळ फळाला भिडून मोटरला झटके बसले असते; तिरक्या ओळींमुळे भार सारखा वाटला जातो. मोटर मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते आणि पुलीच्या मापांनी तो वेग निम्म्यावर आणला आहे, त्यामुळे रुळाच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला साधारण साडेचार मीटर येतो. यापेक्षा पुष्कळ जास्त वेग ठेवला तर लगदा फेसाळ आणि पाणचट होतो, आणि असा लगदा दाबाखाली कापडातून निसटतो. रुळासमोरची फळी पुढे-मागे सरकवता येते. फट तीन मिलिमीटरवर आणल्यावर लगदा जाड रव्यासारखा पडतो आणि बिया बहुतेक अखंड निघतात. बिया भरडल्या जाऊ नयेत, कारण त्यांत अमिग्डॅलिन हे पोटात सायनाइड सोडणारे द्रव्य असते आणि चवीलाही कडवटपणा येतो.

रुळावरची पेटी मी हाताच्या लांबीपेक्षा उंच केली आहे, म्हणजे फळ टाकताना बोटे रुळापर्यंत पोहोचूच शकत नाहीत. फळ ढकलण्यासाठी लाकडी दट्ट्या आहे आणि तो रुळाला टेकण्याआधीच पेटीच्या काठावर अडतो. काम ओल्या हातांनी होत असल्यामुळे मोटरच्या जोडणीला गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच हवाच. या खर्चात काटकसर करू नये.

चौकटीचे गणित सविस्तर देत आहे, कारण अंदाजाने बांधलेल्या चौकटी वाकलेल्या मी पाहिल्या आहेत. सहा टनांचा जॅक 35 सेंमी बाजूच्या थरावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाच किलो दाब देतो आणि पातळ थरांना तो पुरेसा आहे. हा सहा टनांचा भार जमिनीवर जात नाही. तो चौकटीतच फिरतो. वरची तुळई वर ढकलली जाते, खालची तितक्याच जोराने खाली, आणि दोन्ही उभ्या खांबांवर प्रत्येकी तीन टनांची ओढ येते. त्यामुळे खालची तुळई वरच्या इतकीच भक्कम हवी. खांबांमधले अंतर 50 सेंमी धरले तर तुळईच्या मध्यावर 75,000 किलो-सेंमी इतका वाकवणारा आघूर्ण (जोर आणि अंतर यांच्या गुणाकाराने मोजला जाणारा परिणाम) येतो. 100 मिमी उंचीची दोन पोलादी चॅनेल पाठीला पाठ लावून उभी ठेवली तर त्यांच्यातला ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1000 किलो होतो. साधे पोलाद साधारण 2500 किलोला कायमचे वाकू लागते, म्हणजे हाताशी चांगली राखीव ताकद राहते.

लाकडाची चौकट दिसायला सुंदर असते आणि मलाही ती मनापासून हवी होती. परंतु 10 सेंमी चौरस तुळईत हाच भार दर चौरस सेंटिमीटरला 450 किलोंचा ताण निर्माण करतो आणि तो सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पलीकडचा आहे. 15 सेंमी रुंद आणि 20 सेंमी उंच तुळई घेतली तर ताण 75 किलोंवर येतो आणि कठीण, गाठी नसलेले लाकूड तो सहज पेलते. तुळईची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते, म्हणून जाड बाजू नेहमी उभी ठेवावी. एवढे मोठे आणि वाळलेले लाकूड मिळाले नाही, म्हणून मी पोलाद निवडले. सांध्यांना 16 मिमीचे, 8.8 या उच्च ताकदीच्या प्रतीचे प्रत्येकी दोन बोल्ट आहेत, त्यामुळे हंगाम संपल्यावर चौकट सुटी करून ठेवता येते.

जॅक उभाच वापरावा लागतो, कारण बाटलीसारख्या आकाराचे बहुतेक जॅक उलटे चालत नाहीत. तो वरच्या दाबफळीवर बसतो आणि त्याचा दांडा तुळईला टेकतो. तेल गळले तर रसात जाऊ नये यासाठी त्याच्याखाली काठ उचललेली स्टीलची थाळी ठेवली आहे. दांड्याचा पल्ला 12-15 सेंमीच असतो आणि थर निम्म्याहून अधिक बसतात, त्यामुळे अधूनमधून जॅक उतरवून खाली लाकडी ठोकळे सरकवावे लागतात.

रसाला जे जे लागते त्याची निवड वेगळी करावी. सफरचंदाच्या रसाचे पीएच साधारण 3.3 ते 4 असते, म्हणजे तो आम्लधर्मी असतो. साधे लोखंड त्यात विरघळते आणि रसातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग होऊन रस काळपट करते. जस्ताचा मुलामा आणि तांबे यांनाही हे आम्ल सोडत नाही. रस गोळा करण्याची परात म्हणून 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची केली आहे. जाफऱ्यांना बीचच्या पट्ट्या वापरल्या. पाइनचा राळेचा वास रसात उतरतो. पट्ट्यांच्या कडा गोल घासल्या आहेत, नाहीतर दाबाखाली कापड तिथेच कापले जाते. कापड पॉलिएस्टरच्या जाळीचे, 70 सेंमी बाजूचे आहे. ते तिरके पसरून चारही टोके आत घेतली की थर पुरता झाकला जातो.

फळ धुऊन आणि कुजका भाग कापून टाकूनच पेटीत जाते, कारण कुजक्या भागात पॅट्युलिन हे बुरशीचे विष असू शकते आणि ते रसात उतरते. काढणीनंतर फळे अंगठ्याने दाबली असता किंचित दबेपर्यंत ठेवली. तोवर पिष्टाची साखर होते आणि गरही सुटा होतो.

पहिल्या चाचणीत एकाच झाडाची फळे दोन वाट्यांत विभागली. एक वाटा रुंद फटीतून भरड चुरला, दुसरा तीन मिलिमीटरच्या फटीतून. दोन्हींना तोच दाब आणि तेवढाच वेळ दिला. भरड लगद्यातून वजनाच्या निम्म्याहून कमी रस आला. बारीक लगद्यातून जवळपास दोन तृतीयांश. निम्मा रस तर जॅकला हात लावण्याआधी, थरांच्या स्वतःच्या वजनानेच वाहिला. त्यानंतर धार बारीक होईपर्यंत थांबायचे आणि मगच जॅकचे हँडल पुढे दोन-तीन वेळा मारायचे, ही लय पाळली तर कापड फाटत नाही आणि थरही एका बाजूला सरकत नाहीत. हायड्रोमीटरवर रसाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता, जी साखरेमुळे वाढते) 1.050 भरले, तो पूर्ण फसफसला तर सुमारे साडेसहा टक्के मद्यार्क येईल.

सध्या दोन कामे हातात आहेत. सहा थर रचले की रास किंचित कलते, म्हणून परातीच्या चार कोपऱ्यांत जाफऱ्यांना सरळ ठेवणारे उभे दांडे बसवत आहे. शिवाय दाब सोडल्यावर जॅकचा दांडा हाताने खाली ढकलावा लागतो. त्यासाठी दाबफळी आणि वरची तुळई यांना जोडणाऱ्या दोन ओढ-स्प्रिंग लावणार आहे. त्यांची ताकद किती हवी हे दाबफळी आणि जॅक यांच्या एकत्रित वजनावरून ठरेल. पुढची फळे उशिरा पिकणाऱ्या, टणक जातीची आहेत. त्यांच्यासाठी फट आणखी अर्ध्या मिलिमीटरने कमी करून चोथ्याचे दाबण्याआधीचे आणि नंतरचे वजन याच पद्धतीने नोंदवीन.