मारेल तो आणेल

डोंबिवलीत आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगच्या मध्ये अठरा पावलांची जागा होती. तेच आमचं वानखेडे. फास्ट बोलरला स्टार्ट घ्यायचा असेल तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून उतरत यावं लागे. नियम दर सुट्टीत बदलायचे, पण तीन नियम कधीच बदलले नाहीत. पहिल्या मजल्याच्या वर लागला तर आऊट. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे डायरेक्ट गेला तर आऊट. आणि मारेल तो आणेल. भिंतीपलीकडे तळमजल्यावर राहणाऱ्या काकू बॉल द्यायच्या, नाही असं नाही. पण कितवीत आहेस, गणितात किती पडले, आईला सांगू का, एवढी मुलाखत झाल्यावर. असं आठ-दहा वर्षं चाललं आणि माझ्या हाताला एक गोष्ट कायमची समजली, लांब मारायचं नाही.

बाकीचे खेळही तसलेच. लगोरीत नेम लागतो, गोट्यांत नेम लागतो. लांबी मोजतात ती विटीदांडूत, वकट, लेंड, मूंड करत. पण विटीदांडूला मैदान लागतं, आणि आमच्या वाट्याच्या मैदानाची तोवर सोसायटी झाली होती.

हे सगळं आठवलं ते एप्रिलमधल्या एका शनिवारी, कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात, काँक्रीटच्या एका बुटक्या चौथऱ्यावर उभा असताना. समोर गवत. डावीकडे गवत. उजवीकडे एक रस्ता आणि त्यापलीकडे गवत. पाटीवर सातशेच्या पुढचा काहीतरी आकडा होता, फुटांमध्ये. म्हणजे दोनशे मीटरच्या वर. त्या टोकाला साखळ्या लटकवलेली लोखंडी बास्केट उभी होती म्हणे. मला दिसली नाही. ऑफिसातला पोरगा बोट दाखवून म्हणाला, "ते पिवळं दिसतंय ना, ते." मी "हो हो" म्हणालो. चष्म्याचा नंबर काढायला एरवी लोक दुकानात जातात.

खेळ डिस्क गोल्फचा. गोल्फच, पण बॉल आणि काठीऐवजी प्लॅस्टिकची तबकडी, आणि भोकाऐवजी साखळ्यांची बास्केट. जिथे तबकडी पडेल तिथून पुढची फेक, कमीत कमी फेकींत बास्केट गाठायची, असे १८ होल. सुदर्शन चक्राचा विनोद नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनदा झालेला आहे, इथे नको. हा खेळ मांडून बसवला एड हेड्रिक या माणसाने. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होता तो. १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स त्याने आखला, मग साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट घेतलं. २००२ साली तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या काढल्या. आपल्याकडे नाशिकला जातात. हे आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "जेवलास का?"

एम्पोरिया हे चोवीस-पंचवीस हजार वस्तीचं गाव, आमच्या ओव्हरलँड पार्क शहराहून आय-३५ महामार्गाने दीड तास. एवढ्याशा गावात या खेळाची व्यावसायिक जागतिक स्पर्धा दोनदा झाली, २०१६ आणि २०२२ साली. एक मोठी डिस्क कंपनी याच गावातली. तिच्या एका पटरचं, म्हणजे जवळून फेकायच्या डिस्कचं, नाव जज आणि एका ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कचं, नाव एस्केप. न्यायाधीश आणि पळवाट एकाच पिशवीत घेऊन लोक हिंडतात.

सकाळी आम्ही आधी पीटर पॅन पार्कात खेळलो होतो. तिथे जुनी, मोठी झाडं आहेत. विल्यम ॲलन व्हाइट नावाचे इथले नामांकित संपादक होते, त्यांच्या कुटुंबाने ही जमीन गावाला दिली, मुलगी मेरी हिच्या आठवणीसाठी. १९२१ साली घोड्यावरून जाताना झाडाची फांदी डोक्याला लागून ती गेली, अवघी सोळा वर्षांची. हे कळल्यावर त्या फांद्यांवर चिडायची लाज वाटते. पण खरं सांगायचं तर झाडांचा मला फार आधार आहे. तबकडी चाळीस मीटरवर पडली तरी मध्ये ओक होता असं म्हणता येतं. सगळे मान डोलावतात. "बॅड किक," म्हणतात. खोडाला आपटून तबकडी भलतीकडे गेली की त्याला किक म्हणायचं. नशिबाचा भाग. माझ्या खेळात नशिबाचा भाग मोठा असतो.

दुपारी आम्ही जोन्स पार्कात आलो आणि माझा आधार गेला.

मोकळ्या कोर्सवर हात जेवढा आहे तेवढाच दिसतो. चौथऱ्यावरून तबकडी सुटली, उडाली, पडली. तिच्या आणि माझ्या मध्ये फक्त हवा. सगळ्यांना सगळं दिसतं. साठ मीटर. दुसऱ्या होलवर अठ्ठावन्न. तिसऱ्यावर पुन्हा साठ. एखाद्या सरकारी कर्मचाऱ्यासारखी माझी तबकडी ठरल्या वेळी ठरल्या जागी बसत होती, डावीकडे वळून.

ते डावीकडे वळणं ही माझी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली शिक्षा. बहुतेक डिस्कवर चार आकडे असतात : वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. मी पहिल्याच आठवड्यात डिस्ट्रॉयर घेतली. १२, ५, उणे १, ३. नाव बघूनच घेतली, कोणीही घेईल. यातला १२ म्हणजे ती १२च्या वेगाने जाते असं मला वाटलं होतं. खरा अर्थ असा की तेवढा वेग तुम्ही तिला दिला तर ती सरळ जाईल. हात हळू असेल तर तरंगणंबिरंगणं सोडून ती एकदम चौथ्या आकड्यावर येते, आणि उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याच्या डावीकडे, शेपूट खाली घालून, उतरते. म्हणजे इंजिन मारुती ८००चं आणि टायर ट्रकचे. मला हे कळायला एक वर्ष आणि तीन डिस्ट्रॉयर लागल्या.

पोरगा मात्र तीच डिस्क एकशे तीस मीटर फेकतो. सव्वीस वर्षांचा, काटकुळा, दंड माझ्या मनगटाएवढे. ताकद लावताना दिसतच नाही. तीन पावलं आडवी टाकतो, तबकडी मागे नेतो, पाठ पूर्ण समोर येते, पुढचा पाय टेकतो, कंबर वळते आणि अगदी शेवटी, हात जवळजवळ विसरल्यासारखा, मनगट सुटतं. फट् असा आवाज येतो. ओला टॉवेल दोरीवर टाकण्याआधी झटकतात, तसा. दंडाने झटकला तर टॉवेल नुसता फडफडतो. आवाज काढायचा तर सैल हात आणि शेवटचा हिसका. घरी बायकोला हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुला कसं जमेल? तू कधी टॉवेल झटकलायस?"

या हिशोबात अन्याय आहे असं मला पहिले काही होल वाटत राहिलं. दोनशे मीटरचा होल पोरगा दोन फेकींत संपवत आणतो, मला तेवढ्यासाठी साडेतीन लागतात, आणि अर्धी फेक कोणी मोजत नाही. शिवाय त्याची तबकडी पंधरा मीटर बाजूला गेली तरी बिघडत नाही, कारण बाजूलाही मैदानच. जोरवाल्याची चूक मोकळ्या जागेत स्वस्त पडते. यावर उपाय म्हणून साउथ कॅरोलायनात रॉक हिलच्या विन्थ्रप विद्यापीठाच्या आवारात काय करतात ते मी व्हिडिओत बघितलंय. १९९९पासून तिथे अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा होते. हिरवळीवर चक्क पिवळ्या दोऱ्या टाकतात. दोरीपलीकडे पडली की एक फेक दंड. एका होलवर तर बास्केटजवळ बांबूंची भिंत असते. जगातले सगळ्यात लांब फेकणारे लोक तिथे येऊन हात आखडता घेतात, दोरीकडे बघत बिचकत फेकतात. मला फार आपलं वाटलं ते. एवढ्या मोठ्या देशात, एवढी जागा असून, शेवटी त्यांना आमच्या कंपाउंडची भिंतच घालावी लागली. काकू तेवढ्या नाहीत.

उलट टोकही आहे. २०१६च्या मार्चमध्ये नेवाडातल्या प्रिमच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्स नावाच्या तरुणाने ३३८ मीटर फेकली. पाठीवर जोरदार वारा होता, समोर बास्केट नव्हती, कुठे पडावी असं काही ठरलेलं नव्हतं. फक्त लांब. हा आकडा मी कितीदा वाचला तरी डोळ्यांसमोर येत नाही. आमच्या स्टेशनचा प्लॅटफॉर्म संपतो आणि पुढेही ती जातच राहते, असं काहीतरी करून बघतो.

वाऱ्यावरून आठवलं. कॅन्सस हे नाव ज्या कान्सा लोकांवरून पडलं, त्यांच्या नावाचा अर्थ दक्षिण वाऱ्याची माणसं असा सांगतात. त्या दिवशी वारा दक्षिणेकडूनच होता आणि त्याला जळक्या गवताचा वास होता. इथून पश्चिमेला फ्लिंट हिल्स सुरू होतात. मातीखाली लगेच चुनखडी आणि गारगोटी, त्यामुळे नांगर चालला नाही आणि उंच गवताचं मूळ माळरान तेवढं वाचलं; बाकी अमेरिकेत ते जवळजवळ सगळं मक्या-सोयाबीनखाली गेलं. दर वसंतात गुरं पाळणारे लोक ते गवत मुद्दाम पेटवतात, मग काळ्या टेकड्यांवर आठवड्या-दोन आठवड्यांत पोपटी फुटवे येतात. आजोळी भाजावळ करायचे त्याचा हाच वास. चौथऱ्यावर उभा राहून मी दोनदा नाक वर करून हुंगलं, तेव्हा पोराला वाटलं मी वारा तपासतोय.

वारा तपासणारे खरे त्याचे आजोबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, रेल्वेत होते, पिशवीत मोजून तीन डिस्क. चिमूटभर गवत उपटतात, सोडतात, ते कुठे जातं बघतात आणि काही न बोलता फेकतात. सत्तर मीटर. दर वेळी सरळ. समोरचा वारा तबकडीला उचलून उजवीकडे ढकलतो आणि पाठचा वारा दाबून खाली बसवतो, हे त्यांनी मला नवव्या होलपर्यंत सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

अकराव्याला वारा पाठीवर होता. मी डिस्ट्रॉयर काढली. आजोबा म्हणाले, "ती आत ठेव. दुसरं काय आहे?" माझ्याकडे एक जुनी लेपर्ड होती, वेग ६, लहान मुलांना आणि नवशिक्यांना देतात ती. काठावर कुत्र्याच्या दातांचे ठसे, कुत्रा शेजाऱ्यांचा. "ही. आणि उंच फेक. तुला वाटतं त्याच्या दुप्पट उंच."

उंच फेकणं म्हणजे काय ते मला कळेना. पहिल्या मजल्याच्या वर लागला तर आऊट, हे हाताला ठाऊक. मी दोनदा स्टार्ट घेऊन थांबलो. मग टॉवेल आठवला आणि मनगट सोडलं. फट् आवाज आला नाही, पण काहीतरी आलं. तबकडी वर गेली, आणखी वर गेली, थोडी उजवीकडे कलली, वाऱ्यावर बसली, सरळ झाली. मग सूर्यात गेली आणि मला दिसेनाशी झाली.

"गवतात गेली," पोरगा म्हणाला.

आम्ही चाललो. माझी जागा मला पाठ. साठ मीटरवर, जरा उजवीकडे, गुडघाभर वाळक्या गवतात मी शिरलो आणि पायाने गवत बाजूला करत शोधायला लागलो. या गवतात चिगर नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ते चावले की आठवडाभर खाज. गोचीडही असतात. म्हणून पँट मोज्यांत खोचली. पोरगाही माझ्याजवळ आला, कारण मीच म्हणालो इथेच कुठेतरी. आजोबांनी घड्याळ लावलं. तीन मिनिटांत सापडली नाही तर हरवली, एक फेक दंड आणि पुन्हा जुन्या जागेवरून. मैत्रीतल्या खेळात हे कोणी पाळत नाही. रेल्वेवाले पाळतात.

एक मिनिट झालं. मला एक जुनी बिअरची बाटली आणि कोणाची तरी निळी डिस्क मिळाली, तिच्यावर फोन नंबर होता. दोन मिनिटं झाली. लांबून हाक आली. आजोबा पुढे कुठेतरी उभे होते, इतके पुढे की आधी मला वाटलं ते त्यांच्या डिस्कपाशी गेलेत.

मी तिथवर पोचलो तेव्हा त्यांनी तबकडीला हात लावलेला नव्हता. शेजारी बूट रोवून उभे होते.

"इतका वेळ तिकडे अलीकडे काय शोधत होतास?" त्यांनी विचारलं.

काय सांगणार. मी वाकून कुत्र्याच्या दातांचे ठसे बघून घेतले, खूण केली आणि चौथऱ्यापर्यंत उलट मोजत गेलो. पोरगा कंटाळला, पण थांबला. एकशे सव्वीस पावलं. आमच्या दोन बिल्डिंगमधल्या जागेच्या बरोबर सातपट.

"पाठीवर वारा होता," पोरगा म्हणाला.

पुढची फेक नेहमीसारखी गेली, डावीकडे. तिसरी बास्केटपासून पाच मीटरवर. चौथी साखळीला लागून बाहेर आली, खण्ण करून. पोराने कार्डावर स्वतःचे तीन लिहिले, आजोबांचे चार, माझे पाच.