आर्थरच्या कुत्र्याचा पंजा: दंतकथेतून कुमार कादंबरी लिहिण्याचा माझा अनुभव

माझी कुमार कादंबरी सुरू झाली ती ब्रिटनच्या दंतकथांमधल्या आर्थर राजाच्या तलवारीपासून नाही, त्याच्या कुत्र्यापासून. नवव्या शतकात ब्रिटनमध्ये लिहिलेल्या ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन ग्रंथात तिथल्या नवलांची एक यादी जोडलेली आहे. त्यात वेल्समधली एक दगडांची रास येते. राशीच्या अगदी वरच्या दगडावर आर्थरच्या काबाल नावाच्या कुत्र्याचा पंजा उमटलाय. तो उमटला रानडुकराच्या शिकारीत. दगड कुणी उचलून नेला, तर एक दिवस नि एक रात्र तो त्याच्यापाशी राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राशीवर दिसतो.

हे वाचलं आणि मेंढपाळाची एक मुलगी डोळ्यांसमोर आली. तिने तो दगड उचलला, तर पुढे काय?

मग मी वाचत सुटले. आर्थरकथा शतकानुशतकं वाढत गेल्या आहेत. आर्थरचे सरदार ज्याभोवती बसतात ते गोलमेज पहिल्यांदा येतं वास या कवीच्या ११५५ च्या काव्यात. लान्सलॉट हा सरदार आणि ग्रेल हे पवित्र पात्र त्यानंतरच्या फ्रेंच काव्यांतून आले. आज आपण ओळखतो ती सलग कथा मॅलरी या इंग्रज लेखकाची, कॅक्स्टन या मुद्रकाने १४८५ मध्ये छापलेली. एवढ्या पसाऱ्यातून काय घ्यायचं, हे ठरवण्यातच बराच काळ गेला. चिलखतातले सरदार आणि दगडी बुरूज मी बाजूला ठेवले. जुन्या वेल्श कथांमधलं लाकडी कोटांचं, दलदलीचं, बोलणाऱ्या प्राण्यांचं जग घेतलं. मुलांना हवं असतं ते तिथे खच्चून भरलंय, असं माझं ठाम मत आहे.

‘कुलहुख आणि ओल्वेन’ या जुन्या वेल्श कथेतला मेबॉनचा शोधच बघा. जन्मून जेमतेम तीन रात्री झालेलं हे बाळ आई आणि भिंत यांच्यामधून कुणीतरी पळवलं. त्याचा ठावठिकाणा विचारायला आर्थरची माणसं एका काळ्या पक्षिणीकडे जातात. ती सांगते, मी इथे आले तेव्हा लोहाराची ऐरण होती. रोज संध्याकाळी मी तिच्यावर चोच घासली, एवढंच काम तिच्यावर झालं, आणि आता ती अक्रोडाएवढी उरलीय. तरी मेबॉनचं नाव काही ऐकलं नाही. मग ती त्यांना आपल्याहून वयस्कर हरणाकडे पाठवते, हरीण घुबडाकडे, घुबड गरुडाकडे आणि गरुड सॅमन माशाकडे. मासा त्या माणसांपैकी दोघांना पाठीवर घेऊन ग्लॉस्टर गावातल्या तुरुंगाच्या भिंतीपर्यंत नेतो. आत कुणीतरी विव्हळत असतं.

काळ किती लोटला हे आकड्यात न सांगता ऐरणीच्या आकारावरून कळतं! माझ्या नायिकेला मी याच वाटेने पाठवलं, फक्त तिच्या हातात तो दगड दिला.

कच्ची प्रकरणं मी मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचे. पोशाखाची आणि दरबाराची वर्णनं आली की चुळबुळ सुरू व्हायची, ती मी निर्दयपणे कापली. ऐरणीपाशी मात्र सगळी गप्प. एका मुलीने विचारलं, “दगड घट्ट धरून झोपलं, तर तिला पण परत नेईल का?” त्या प्रश्नावर नंतर अख्खं प्रकरण उभं राहिलं. दगड परत जातो, माणूस जात नाही, हा नियम मी तिथे पक्का केला आणि पुढे कुठेही मोडला नाही. जादूला सवलत दिली की मुलांना लगेच कळतं आणि त्यांची काळजी संपते. नायिकेचं आता कसं होणार ही धाकधूक हवी असेल, तर नियम तिच्यावरही चालला पाहिजे.

सर्वांत जड गेला तो स्वतः आर्थर. मॅलरीच्या कथेत तो मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेली बाळं जहाजात घालून समुद्रात सोडायला लावतो. हा प्रसंग मी घेतला नाही. पण त्याला देवमाणूसही केलं नाही. तो कादंबरीत मोजक्याच पानांवर येतो, थकलेला, चटकन चिडणारा, आणि मुलीचं म्हणणं त्याला दोनदा ऐकवावं लागतं.

शेवटावरून वाद झाला. कुलहुखच्या कथेत दोन कानांच्या मधोमध कंगवा, कात्री आणि वस्तरा बाळगणारं तूर्ख त्रुइथ नावाचं रानडुक्कर आहे, मुळात दुष्टपणामुळे शाप भोगणारा राजा. आर्थर त्याला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून समुद्रात हाकलतो, आणि ते कुठे गेलं हे कुणालाच कळत नाही. हस्तलिखित वाचणाऱ्या संपादकांना ते मारलेलं हवं होतं. मुलांना न्याय पूर्ण झालेला लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकून घेतलं, दोन्ही शेवट मुलांना वाचून दाखवले. डुक्कर मेलं तेव्हा ती “बरं झालं” म्हणून उठली. समुद्रात गेलं तेव्हा ते पोहत कुठवर जाईल, यावर त्यांचं भांडण जुंपलं. संपादकांना मी ते भांडण जसंच्या तसं लिहून पाठवलं, आणि डुक्कर समुद्रातच राहिलं.