रात्री सव्वाअकराचा कॅथेटर

गुठळी विरघळवण्याच्या उपचारांचे अमेरिकन चार्ट कोडिंगसाठी, म्हणजे बिलासाठी प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड लावायला, माझ्याकडे आले, तेव्हा वाटलं, यात अवघड काय? बहुतेक ठिकाणी औषध एकच, अल्टेप्लेस, आणि त्याचं कामही एकच. पहिल्याच आठवड्यात ऑडिटमधून तीन चार्ट परत आले.

पहिला पायाच्या धमनीचा. सोमवारी रात्री सव्वाअकराला कॅथेटर (बारीक नळी) घालून त्यातून औषधाचं इन्फ्युजन सुरू, मंगळवारी सकाळी डाय सोडून तपासणी, संध्याकाळी सहाला कॅथेटर बाहेर. एकोणीस तासही झाले नव्हते, म्हणून सगळा 'पहिला दिवस' धरून मी फक्त ३७२११, म्हणजे धमनीतल्या उपचाराच्या पहिल्या दिवसाचा कोड, लावला. एरर. मग इरेला पेटलो: ३७२११, सकाळच्या तपासणीला ३७२१३, काढण्याला ३७२१४. तीही एरर! इथे दिवस म्हणजे कॅलेंडरवरची तारीख, चोवीस तासांशी त्याचा संबंध नाही. बारा वाजले की दुसरा दिवस. शिवाय एका तारखेला या गटातला एकच कोड. कॅथेटर काढला त्या दिवशीची तपासणी ३७२१४ च्या पोटातच जाते. म्हणजे सोमवारी ३७२११, मंगळवारी ३७२१४, बस्स. हेच दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपलं असतं, तर नुसता ३७२११ पुरला असता. शिरेत असतं तर त्याऐवजी ३७२१२. हे चार कोड २०१३ मध्ये आले आणि एक्स-रेखालचं मार्गदर्शन व वाचन त्यांतच धरलं गेलं. कॅथेटर त्या रक्तवाहिनीपर्यंत पोचवण्याचा कोड मात्र वेगळा मिळतो, आणि तोच मी घाबरून गाळला होता.

दुसरा चार्ट स्ट्रोकचा. नोटमध्ये ठळक लिहिलेलं, 'टीपीए दिलं' (टीपीए म्हणजे तेच अल्टेप्लेस). मी ३ई०३३१७, म्हणजे शिरेतून ते औषध दिल्याचा कोड, लावून मोकळा. ऑडिटर मॅडमनी एवढंच विचारलं, "दिलं कुठे?" परत वाचलं. औषध आधीच्या लहान हॉस्पिटलात दिलेलं, आणि मग पेशंट आमच्या चार्टवाल्या हॉस्पिटलात हलवलेला. जिथे औषध दिलंच नाही तिथे त्याचा प्रोसिजर कोड कसा लागेल? तिथे झेड९२.८२, म्हणजे गेल्या चोवीस तासांत दुसरीकडे टीपीए मिळालं. (इथे मात्र खरेच चोवीस तास मोजतात!) माझ्या चुकीनं केस थेट ६१ ते ६३ या डीआरजींमध्ये, म्हणजे टीपीए दिलेल्या स्ट्रोकच्या जास्त पैशांच्या गटात जाऊन बसली होती. हे कळल्यावर पोटात गोळा आला.

गंमत म्हणजे काही दिवसांनी पाठवणाऱ्या बाजूचाही एक चार्ट आला. पेशंट ७० किलोचा, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे ६३ मिलिग्रॅम औषध. कुपी १०० ची. इमर्जन्सीतूनच पुढे पाठवल्यामुळे बिल आउटपेशंटचं: इन्फ्युजनला ३७१९५, औषधाला जे२९९७ ची ६३ युनिटं आणि टाकून दिलेल्या ३७ साठी तोच कोड जेडब्ल्यू मॉडिफायर (औषध वाया गेल्याची खूण) लावून वेगळ्या ओळीत. टाकलेल्याची नोंद नर्सनं केली होती, म्हणून ते जमलं. नसती तर ती ३७ युनिटं सोडावी लागली असती.

तिसऱ्याबद्दल फार बोलत नाही. बंद पडलेल्या सेंट्रल लाइनमध्ये (मोठ्या शिरेत ठेवलेल्या नळीत) २ मिलिग्रॅम अल्टेप्लेस सोडून ती मोकळी केली होती आणि मी तिला थ्रॉम्बोलिसिस (रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणं) म्हणून ३७२१२ दिला. त्याला ३६५९३ असतो. तिथे गुठळी पेशंटच्या शिरेतली नसते, नळीतली असते.

आता चार्ट उघडला की डॉक्टरांच्या नोटआधी नर्सच्या औषधनोंदी काढतो आणि कागदावर चारच गोष्टी लिहितो: कुठे दिलं, कशातून, कधी सुरू, कधी बंद. कालच्या चार्टमध्ये चौथी जागा रिकामीच राहिली. कॅथेटर काढल्याची वेळ सोडा, काढला हेच कुठे लिहिलेलं नाही. डॉक्टरांना क्वेरी टाकून ठेवली आहे.