सिंगल टाकाचा का डबल

रविवार, रात्री

जुनी बस घेतलीये, ती राहायला करतेय. त्याच्या सुतारकामाला आलेल्या मिस्त्रींनी खरं तर मला विचारलं होतं. टेप माझ्या हातात, पेन्सिल त्यांच्या कानामागे आणि प्रश्न अगदी सरळ, "ताई, बेड सिंगल टाकाचा का डबल?" मी तोंड उघडायच्या आत, फाटकाशी खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आईने उत्तर देऊन टाकलं. "सिंगलच टाका हो भाऊ. दुसरं कोण झोपणार आहे तिच्या गाडीत?"

झालं एवढंच. आवाजात ना टोमणा, ना उसासा. किडकी शेंग बाजूला टाकावी इतकं सहज. मी म्हटलं, माप संध्याकाळी कळवते, आणि उगाच गाडीखाली वाकून सायलेन्सर बघत बसले, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

दुपारी सोलेभात झाला. चांगला झाला होता, दोनदा घेतला. म्हणजे राग आलेला नाही. राग आला की माझं जेवण जातं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मग सकाळपासून आत हे काय कुरतडतंय?

तिचं म्हणणं खोटं नाही, हाच तर वांधा आहे. खोटं असतं तर भांडले असते.

गाडी आणली तेव्हापासून लोकांनी काय कमी विचारलं? शाळेला लावणार का, वऱ्हाडाला देणार का, पेट्रोलपंपाजवळ पोह्यांची गाडी टाकणार का. राहायला करतेय म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे, मग घराकडे बघतो. चांगलं तीन खोल्यांचं घर आहे, त्याला काय झालं? या सगळ्याचं मला काही वाटलं नाही. सीटा काढायला कबाडीवाला आला, तो म्हणाला, "बोल्ट निंघत नाही मॅडम, गाडी तुम्हाले सोडत नाही." त्याचंही हसू आलं. शेवटी ग्राइंडरनेच कापले ते. बुटीबोरीच्या कारखान्यांत पाळीचे कामगार नेणारी टाटा 407 बस आहे ही, सीटांच्या पायांशी वर्षानुवर्षं लोकांच्या ओल्या चपला आल्या; नट आणि पत्रा एकजीव झाले होते. खालची रबरी मॅट उचलली तर प्लाय काळा पडलेला, आणि प्लाय आणि पत्र्याच्या मधल्या फटीत तंबाखूच्या खर्र्याच्या चपट्या झालेल्या पन्न्या, शेंगदाण्याची टरफलं, एक पिन, एक बटण. एका सीटच्या पाठीमागे कुणीतरी किल्लीने कोरलेलं, "उद्या सुट्टी". रात्रपाळीचा असणार. तो पत्रा तेवढा मी कबाड्याला दिला नाही.

पण आईचं ते एक वाक्य मात्र जात नाही.

आणि मग जे होतं ते झालं, एकेक जुनं वर आलं. वऱ्हाडाच्या बसमध्ये मी कायम कुठे बसले? आधी आईशेजारी. मग मामीशेजारी, कारण तिला गाडी लागते आणि लिंबू धरायला कुणीतरी हवं. मग एका वर्षी आहेराच्या पिशव्यांशेजारी, "तू एकटीच आहेस तर जरा बघशील ना." बघितल्या. मी आणि मैत्रीण, दोघींनी नवेगावबांधला जायचं ठरलं होतं, ते तर सोडाच. बंगलोरहून तिचं उत्तर आलेलं नाही, तेही सोडा. जानेवारीतली दुपार, पाठीवर छान ऊन, आणि मी एका गंजक्या बसच्या पायरीवर बसून स्वतःची कीव करतेय. वरच्या गच्चीवरून काकू बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, घेऊन पस्तावली.

पस्तावले नाहीये. ते वेगळं.

मग म्हटलं, डोकं मापात घालावं. आतून पत्रा ते पत्रा सहा फुटांना थोडं कमी भरतं. त्यात दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि वरून प्लाय आला की तीनेक इंच गेले. माझी उंची पाच फूट चार इंच, म्हणजे मला मागच्या टोकाला आडवं झोपता येतं. तसा चार फुटी पलंग बसतो, पण मग आणीबाणीचं मागचं दार त्याच्यामागे जातं, आणि ते दार मला मोकळं हवं. आत गॅस ठेवायचा आणि बाहेर पडायला एकच वाट, हे मला झेपणार नाही. एका बाजूने उभा टाकला तर अडीच फूट रुंद, खाली पाण्याची टाकी आणि बॅटरी. वजन मागच्या चाकांच्या मागे लोंबकळत नाही, दोन्ही आसांच्या मध्ये राहतं. म्हणजे सगळा हिशोब सिंगलच्या बाजूने. आईने टेप न लावता जे सांगितलं तेच.

इथे मला जरा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट डबलच्या बाजूने कारणं शोधत बसले. वजनाचं बघावं तर 18 मिमीची आठ बाय चारची अख्खी शीट तीस-पस्तीस किलोची, पलंग फूटभर वाढला तर त्यातला एक तुकडा जास्त. सीटा गेल्यापासून गाडी इतकी हलकी झालीये की स्प्रिंगचे पाटे दबतच नाहीत, मानेवाड्याच्या प्रत्येक खड्ड्यात ती उडते. वजन तर उलट हवंय. मेकॅनिक एक पाटा काढूया म्हणत होता, त्याला थांबवलंय, आधी सामान चढू दे. तर वजनाची अडचण नाही. पैशाची, फार नाही. मग अडचण कुठे आहे, असं विचारलं की परत तिथेच.

संध्याकाळी आरटीओची फाईल काढून बसले, दुसरं काहीतरी वाचावं म्हणून. आरसीत अजून बस आणि आसनसंख्या लिहिलेली आहे, आणि आसनं कबाड्याकडे. कागद आणि गाडी जुळली पाहिजे, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं थोडक्यात सांगणं. ज्याला बस घ्यायची आहे त्याने लाकडगंजच्या बाजारात प्लाय बघायच्या आधी ते वाचावं. मोटार कॅराव्हॅन, म्हणजे राहायची गाडी, कशाला म्हणायचं याचीही व्याख्या आहे. बसायची सोय आणि टेबल हवं, झोपायची सोय हवी, स्वयंपाकाची हवी, सामान ठेवायला जागा हवी. झोपायची सोय कितीजणांची, ते त्या व्याख्येत कुणी विचारलेलं नाही. म्हणजे सरकारसुद्धा आमच्या आईइतकं चोंबडं नाही. हे वाचून मी एकटीच इतकी हसले की ती आतून ओरडली, काय झालं म्हणून. काही नाही म्हटलं.

हसल्यावर जरा मोकळं वाटलं. आणि मोकळं वाटल्यावर लक्षात आलं की मला दुसऱ्या कुणासाठी जागा नकोच आहे. घरात मी डबल बेडवर एकटी झोपते आणि सकाळी उठते तेव्हा उशी एका टोकाला, मी भलत्याच टोकाला, पुस्तकं मध्ये. मला पसरायला लागतं. अडीच फुटांत कूस बदलायची म्हणजे भिंतीला परवानगी मागायची. त्यात मे महिना. छताच्या पत्र्याला आतून उष्णता अडवणारी नायट्राइल रबराची शीट लावली, वरून पांढरा रंग दिला, तरी लोखंडी फासळ्या तापायच्या त्या तापणारच. एसीचा हट्ट मी सोडलाय. एक टनाचा एसी तासाला युनिटभर वीज खातो आणि माझी शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी सगळी मिळून सव्वा युनिट. तासाभराच्या गारव्यासाठी कोण एवढे पैसे घालणार? 12 व्होल्टचा छोटा कूलर आणि खसची ताटी, आपल्या कोरड्या हवेत तेवढं पुरतं. कोकणात हा जुगाड चालायचा नाही. तिकडे जाईन तेव्हा बघू. पण कूलरसमोर झोपायचं तर हातपाय पसरायला हवेतच ना.

तर मी साडेतीन फूट कळवलं. लांबी सहा, उभा, डाव्या बाजूने, मागचं दार मोकळं. मिस्त्रींचा लगेच फोन. "ताई, साडेतीन म्हंजे ना सिंगल ना डबल. साडेतीनमंदी दीड माणूस झोपते." मी म्हटलं, मी दीड आहे असं समजा. ते म्हणाले, मग वाट फूटभर कमी होते, ओटा सोळा इंचाचाच बसन, पोळ्या लाटता येनार नाई. पोळ्या कोण लाटतंय? खिचडी करीन.

आईला सांगितलं. ती म्हणाली, साडेतीनची चादर कुठे मिळते? आता हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गादीही तयार मिळेलसं वाटत नाही, कापूस घालून भरून घ्यावी लागेल. उद्या गादीवाल्याकडे जाते, आणि येताना मागच्या दाराची कडी घेऊन यायची आहे, आतून उघडणारी.