दादांच्या पिस्तुलावरचा लाल डाग

२०२३च्या डिसेंबरात विधानसभेचे निकाल लागले आणि पंधरा दिवसांनी मी दादांचं पिस्तूल सोडवून घरी आणलं. आचारसंहिता लागली की आमच्या ग्वाल्हेरात परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात. त्या वर्षी ती ९ ऑक्टोबरला लागली आणि मी पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरसकट नेऊन दिलं. परत आणल्यावर होल्स्टरचं बटण उघडलं तर पिस्तूल निघेचना. जोर लावून ओढलं आणि पोटात गोळा आला. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, उजव्या अंगाला दोन बोटं रुंद गंज, ओल्या विटेच्या रंगाचा.

जमा केलं होतं त्या खोलीच्या भिंतींना ओल होती. कोरड्यात ठेवा म्हणून मी दोनदा विनवलं होतं, त्याचा राग अजून आहे. पण चामड्यातच ठेवून दिलं, ही चूक माझी. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि ते कमावताना वापरलेली आम्लं नि क्षार त्यातच असतात. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि हे मला सुचू नये!

पिस्तूल वेब्ली अँड स्कॉटचं, बत्तीस बोअर, बर्मिंगहॅमची घडण. दादांनी ते जुनंच विकत घेतलं होतं. ते ठेकेदार. मजुरांचा पगार घेऊन मुरैनाच्या बाजूला जायचे. १९७२ साली जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर चंबळचे बागी, म्हणजे दरोडेखोर, शरण आले, त्याआधीचे ते दिवस. कुणावर चालवायची वेळ कधी आली नाही. पण रोज कमरेला असायचं, म्हणून नळीच्या तोंडाशी आणि मुठीच्या मागच्या कडेला काळं पॉलिश उडून पोलाद पांढरं पडलंय. ती झीज मला पुसायची नव्हती. गंज मात्र घालवायचा होता.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, हत्यारं दुरुस्त करणारे परवानाधारक मिस्त्रीचाचा दादांना ओळखत. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि आधी म्हणाले, "बेटी, इसे रेगमाल मत दिखाना." रेगमाल म्हणजे पॉलिश पेपर. पूर्ण ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावर नव्याने काळा थर चढवणं, करायचं तर आधी घासून पोलाद उघडं करावं लागतं. त्यात कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात. आणि नंबराला धक्का लागणं म्हणजे साधी गोष्ट नाही. शस्त्र कायदा, १९५९च्या आठव्या कलमाप्रमाणे हत्यारावरची ओळखीची खूण मिटवणं हा गुन्हा आहे. बाटलीतल्या औषधाने थंडच काळं करता येतं, पण तो थर पातळ, होल्स्टरमध्ये घासून लवकर जातो.

त्यांनी तिसरी वाट धरली. स्लाइड उतरवली, गंजावर पातळ तेल लावून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी समोर बसून होते. चार शून्यांचं स्टील वूल, म्हणजे सगळ्यात बारीक, चिमटीत धरून चाचा नुसत्या बोटांच्या वजनाने फिरवत होते. फडक्यावर केशरी तेल उतरायचं, पुसायचं, पुन्हा तेल. भांडी घासायची तारेची घासणी इथे अजिबात चालत नाही, ती पॉलिशच ओरबाडते.

वरचा सुटा गंज गेला तरी बारीक खळग्यांत लाली राहिलीच. मग स्लाइड धुऊन तेलाचा अंश काढला आणि डिस्टिल्ड पाण्यात उकळत ठेवली. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचे डाग पडतात. अर्ध्या तासाने चिमट्याने बाहेर काढली तेव्हा लाल ठिपके काळे झाले होते! तो काळा थर म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचाच दुसरा ऑक्साइड. लाल गंज फुगतो, सुटतो, ओल धरतो आणि खालचं पोलाद खातो. काळा घट्ट बसतो आणि तेल धरून ठेवतो. फळ्यावर हे मी शेकडो वेळा लिहिलं असेल, पण डोळ्यांदेखत घडताना त्या दिवशीच पाहिलं. भुसभुशीत काळी पूड ब्रशने झाडली, स्लाइड गरम असतानाच तेल लावलं. खळगे हाताला लागतात अजून, पण रंग बाकीच्या अंगाशी मिळून गेलाय.

आता महिन्यातून एकदा, आणि श्रावण-भाद्रपदात दर रविवारी, मी ते काढते. मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, बाहेर, स्लाइड मागे, चेंबर, म्हणजे नळीमागची काडतुसाची जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीने दोन्हीने बघायचं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. मग जुन्या धोतराच्या फडक्यावर गन ऑइलचे दोन थेंब, बस्स. तेल ओघळेल इतकं घातलं की धूळ चिकटते. दादा खोबरेल लावायचे, पण आमच्या थंडीत ते गोठतं. शेवटचं पुसणं फडक्यानेच, उघड्या बोटाने नाही, कारण घामातल्या मिठाचा ठसा चार दिवसांत तांबडा होतो.

१६ मार्च २०२४ला लोकसभेची आचारसंहिता लागली. या वेळी होल्स्टर घरीच ठेवलं. पिस्तूल तेलाच्या फडक्यात गुंडाळलं, बंद डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या घातल्या आणि पावतीवर "चामड्याविना, डब्यासह" असं लिहून घेतलं. जूनमध्ये डबा उघडला तेव्हा फडकं जसंच्या तसं होतं, तेलाचा पिवळसर डाग तेवढा. लाल कुठेच नव्हतं.